मांडीला आलेली गाठ

शेहेचाळीस सालच्या सुमाराला वडगावच्या विणकर गल्लीतल्या बायका नवऱ्याचं औषध आणायला निघाल्या की मालुबाईचं घर टाळून मागच्या बोळानं जात. मालुबाई मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणत बसलेली असायची, पण तिचे कान रस्त्यावर असायचे. बांगड्या वाजल्या की तिच्या हातातला धोटा थांबलाच.

"कुठं गं, अंबुबाई?"

"काय न्हाय, आक्का. मालकांचं अंग दुखतंय जरा. चूर्ण आणाय चाललोय."

"अंग म्हंजी कुठलं अंग?"

अंबुबाई पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राही.

"छाती हाय, पोट हाय, आंड हाय. नाव न्हाय व्हय त्येला? नाव सांगितल्याबिगर डाक्टर काय पंचांग बघून औषध देणार हाय?"

हे सगळं भर रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या देखत. अंबुबाईचा जीव शरमेनं अर्धा व्हायचा. तेवढ्यावर भागलं नाही तर मालुबाई खड्ड्यातून उठायची, लुगड्याचा ओचा झटकायची आणि त्या घरात जाऊन नवऱ्यालाच दवाखान्याच्या वाटेला लावायची. विधवा झाली आणि बाईनं लाज गुंडाळून ठेवली, असं नव्या सुना म्हणत. जुन्या बायका मात्र त्यावर बोलत नसत. त्यांनी हीच मालुबाई नऊ वर्षांपूर्वी पाहिली होती. तेव्हा तिच्याइतकी लाजरी बाई गल्लीत दुसरी नव्हती.

मालुबाईचं माहेर निपाणीकडचं. लग्न होऊन वडगावात आली तेव्हा तेरा-चौदा वर्षांची असेल. नवरा आण्णाप्पा विणकर, गल्लीत हाताचा ठोक सगळ्यांत सारखा म्हणून नावाजलेला. लुगडं विणताना फणीचा ठोक कमीजास्त पडला की कापडावर पट्टा उमटतो. आण्णाप्पाच्या लुगड्यात तो शोधून सापडायचा नाही. माणूस बोलका, थट्टेखोर. मागावर बसल्या बसल्या शेजारच्या कल्लाप्पाशी भिंतीपलीकडून गप्पा मारायचा आणि दोन्ही मागांचा खडखडाट त्याच्या आवाजाला पुरा पडायचा नाही. मालुबाई रहाटावर त्याच्या धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरायची. बायकांनी मागावर बसायचं नाही, अशी त्या घरची रीत होती. ती ऐकायची, हसायची, बोलायची कमी.

सगळं होतं. पोर नव्हतं. आठ-नऊ वर्षं झाली तरी नव्हतं. नवस झाले, अंगारे झाले, सासू वाट बघून गेली. आण्णाप्पा त्यावर कधी लागेलसं बोलला नाही, पण गल्लीत कुणाच्या घरी बारसं असलं की तो त्या दिवशी उगाच लवकर मागावर बसायचा. विणकरांत एक पद्धत आहे. पोर झालं की बाप आपल्या मागावरच्या ताण्याच्या उरलेल्या दशा कापतो आणि त्या पिळून पोराच्या कमरेला करदोडा बांधतो. आण्णाप्पाच्या मागाशेजारी खुंटीला अशा दशांची एक जुडी अडकवलेली असायची. तो ती कशाला ठेवतो हे मालुबाईनं कधी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

सदतीस सालच्या आषाढात आण्णाप्पा एकदा जेवताना म्हणाला, "खाली जरा जड जड वाटतंय गं."

"कुठं खाली?"

"खाली म्हंजी खाली." तो ताटात बघत म्हणाला. "उजवीकडं. सुपारीएवढी गाठ लागतीया हाताला. दुखत न्हाय."

गल्लीभर थट्टा करणारा हा गडी, पण दवाखान्यात जाऊन धोतर सोडायचं म्हटल्यावर त्याची पाचावर धारण बसली. कल्लाप्पालाही तो बोलला नाही. म्हणाला, "तूच जाऊन ये. बाईमाणसाला डाक्टर नीट सांगतोय. मी मागावरनं उठलो तर ताणा पडून ऱ्हातोय." ताण्याचं निमित्त दोघांनाही सोयीचं होतं.

श्रावणातल्या एका सोमवारी मालुबाई शहापुरात मारुतीराव डॉक्टरांच्या दवाखान्यात गेली. मारुतीराव म्हणजे साधा माणूस, सायकलवरून हिंडणारा, विणकरांच्या घराघरांत जाणारा. बाकावर आणखी तिघीचौघी बसल्या होत्या. डॉक्टरांनी नाव विचारलं. नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? ती पदराचं टोक दातात धरून उभी राहिली. बाकावरच्या एकीनं नाव सांगितलं. मग डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय त्यांना?"

"गाठ आलीया."

"कुठं?"

बाकावरच्या सगळ्या बायका बघत होत्या. मालुबाईच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. "मांडीला," ती म्हणाली.

"मांडीलाच ना?"

"व्हय."

डॉक्टरांनी मलमाची डबी भरून दिली. गरम मिठाच्या पुरचुंडीनं शेका म्हणाले. ती वळली तेव्हा त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी तिला परत हाक मारली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, एक ध्यानात ठेवा. गाठ मांडीला असली तरच हे. वर असली, आंडात असली, टणक असली आणि दुखत नसली, तर शेकू नका, चोळू नका. तडक मिरजेला न्या. तिथं कापून काढतात. वेळेत नेलं तर माणूस वाचतो."

तिनं मान हलवली. त्या क्षणी एक शब्द बोलली असती तर पुढची सगळी गोष्ट घडली नसती. पण तिला त्यातलं एकच ऐकू आलं होतं, कापून काढतात. कापून काढलं की गडी संपला, एवढंच तिला ठाऊक. विहिरीवर बायका खोंड बडवण्याविषयी बोलत त्यापलीकडे तिचं ह्या बाबतीतलं ज्ञान जात नव्हतं. मग पोर कुठलं? खुंटीवरची जुडी तिच्या डोळ्यांपुढे आली. निदान दिवाळीपर्यंत थांबू, तिनं मनाशी ठरवलं. देवानं तोवर कूस उजवली तर उजवली. मग नेऊ मिरजेला. दोन-तीन महिन्यांनी काय होतंय?

घरी आण्णाप्पानं माग थांबवून विचारलं, "काय म्हणाला गं?"

"शेकाय सांगितलंय," मालुबाई म्हणाली.

"येवढंच?"

"व्हय. येवढंच."

त्याचा जीव भांड्यात पडला. "बघ! उगाच भेलतो मी," म्हणून त्यानं हसत मागाची पायाखालची पावडी दाबली.

तिनं शेकलं. मिठानं शेकलं, विटेनं शेकलं. निपाणीला तिचा भाऊ तंबाखूच्या वखारीत होता. सुजेवर तंबाखूचं पान बांधायचा तिच्या माहेरचा जुना उपाय. भावानं चांगली रुंद पानं पाठवली. ती ते पान एरंडेल लावून तव्यावर ऊन करायची, आण्णाप्पाला द्यायची आणि तो आत जाऊन बांधून यायचा. पानानं त्याला गरगरायचं, कधी उमळायचं. पण तो म्हणायचा, "मऊ पडल्यागत वाटतंय बघ." मालुबाई भिंतीकडे तोंड करायची. डॉक्टरांनी नको म्हटलेलं तेच आपण रोज तव्यावर गरम करतोय, हे तिला पुरतं कळत होतं. कळत होतं आणि ती करत होती. श्रावण गेला, भाद्रपद गेला. आश्विनात तर ती त्याच्याशी फारच गोड वागली. त्यालाही त्याचं नवल वाटलं. दिवाळी गेली, तरी आणखी महिनाभर बघू म्हणत तिनं मिरजेचं नाव काढलं नाही. कार्तिकात सुपारीचं लिंबू झालं.

मार्गशीर्षात एके सकाळी आण्णाप्पाला खड्ड्यातून उठताच येईना. कल्लाप्पा हाक ऐकून आला, त्यानं बगलेत हात घालून त्याला वर ओढला आणि गड्यागड्यांत विचारतात तसं सरळ विचारलं. आण्णाप्पानं दाखवलं. कल्लाप्पा कानडीत काहीतरी पुटपुटला आणि मालुबाईकडे वळून म्हणाला, "वैनी, भाकरी बांधा. मिरजेची गाडी गाठायची."

मिरजेच्या त्या मोठ्या दवाखान्यात पोक्त डॉक्टर होते. त्यांनी तपासलं, कपाळाला आठी घातली. "इतके दिवस काय करत होता?"

"शेकत होतो जी. हिनं आमच्याकडच्या डाक्टरांना विचारून आणलतं. त्येंनी शेकाय सांगितलं."

"हे शेकायला सांगितलं? कोण शहाणा तो?"

"मारुतीराव डाक्टर. शहापूरचे."

मालुबाई हातात पाण्याचा तांब्या घेऊन तिथंच उभी होती. तांब्यातलं पाणी हिंदकळून तिच्या पायावर सांडलं. डॉक्टरांनी आण्णाप्पाच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "एकच बाजू काढायची आहे. दुसरी शाबूत राहते. घाबरू नका, संसाराला काही कमी पडत नाही. एका बाजूवर पोरंबाळं झालेली माणसं आहेत माझ्या ओळखीची."

हे ऐकून मालुबाईनं तांब्या खाली ठेवला. इतकं सोपं होतं तर! मारुतीरावांना श्रावणातच तोंड उघडून विचारलं असतं तर त्यांनी हेच सांगितलं असतं. पण विचारणार कसं? मांडीला गाठ आलेल्या माणसाच्या बायकोनं पोराबाळांचं विचारायचं कारणच काय?

कापलं. नंतर विजेच्या किरणांचा शेक चालू झाला. ह्यालाही शेकच म्हणतात, हे तिला तिथं कळलं. दीड महिना दोघं मिरजेत राहिली. ती दवाखान्यामागच्या धर्मशाळेत तीन दगडांवर कण्या शिजवायची, त्याचं अंग पुसायची, पोटावरची कातडी काळी पडली होती तिथं डॉक्टरांनी दिलेलं तेल हलक्या हातानं लावायची. शेजारच्या चुलीवरच्या बायका विचारत, काय झालंय तुमच्या मालकांना? ती म्हणायची, आतडं उतरलंय. लाज अजून गेली नव्हती. त्याच्या उशा-पायथ्याला मात्र ती एवढी राबली की दवाखान्यातल्या आया दुसऱ्या बायकांना तिचं उदाहरण देत. तसं कुणी म्हटलं की मालुबाई तिथून उठून जायची.

किरणांच्या शेकानं आण्णाप्पाला वांत्या होत. एक दिवस तो ओकत असताना त्याची पाठ चोळता चोळता तिलाही उमळून आलं. पुढच्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी म्हातारी आया हसली आणि तिच्या पोटाकडे बघून बोटं मोजायला लागली.

आण्णाप्पाला सांगितलं तेव्हा तो खाटेवर उठून बसला. टाके ताणले तरी हसायचा थांबेना. "आगं, मला वाटलं माझं बघून तुला कोरड्या येत्यात! दोघंबी येकाच बादलीत वकतोय की गं!" मग हसता हसता त्याचे डोळे भरले. "देवानं बघ. एका हातानं घेतलं आन् दुसऱ्या हातानं दिलं."

देवाचा त्यात काडीचाही संबंध नाही, मालुबाईच्या मनात आलं. तिनं बादली उचलली आणि मोरीवर जाऊन कितीतरी वेळ विसळत बसली.

अडतीसच्या आषाढात मुलगी झाली. बाराव्या दिवशी आण्णाप्पानं खुंटीवरची जुडी काढली. तिच्यावर इतकी वर्षं बसलेली धूळ त्यानं फुंकून उडवली, दशा मांडीवर वळल्या आणि पोरीच्या कमरेला करदोडा बांधला. नाव दुर्गा ठेवलं. तो पुन्हा मागावर बसू लागला, पहिल्यासारखा बोलू लागला. त्याच्या बोलण्यात आता एक नवा विषय आला होता.

तो विषय म्हणजे मारुतीराव. "मिठाचा डाक्टर" असं त्यानं त्यांचं नाव पाडलं. चावडीवर, सुताच्या दुकानात, बाजारच्या वाटेवर, कुणी भेटलं की तो सांगायचा, "न बघता शेकाय सांगितलं बाबानं! मिरजेचा डाक्टर म्हणाला, आणखी महिना गेला असता तर तू पार झालतास." आण्णाप्पाची बोलायची हातोटी अशी की ऐकणारा पोट धरून हसायचा आणि हसून झाल्यावर मारुतीरावांकडे जायचा बंद व्हायचा. वर्षभरात विणकर गल्लीतलं एकही माणूस त्यांच्या पायरीला लागेना. बाळंतिणीला ताप आला तरी लोक दुसरा डॉक्टर शोधत. मारुतीरावांची सायकल आधी रोज गल्लीतून जायची. आता ते पलीकडच्या रस्त्यानं जात.

मालुबाई कांड्या भरत हे सगळं ऐकायची. उद्या सांगू, असं दररोज म्हणायची. पण आण्णाप्पा मागावर, पोरगी त्याच्या मांडीवर, धोटा इकडून तिकडे गेला की पोरगी टाळ्या वाजवणार आणि तो तिला म्हणणार, "तू आलीस म्हणून मी वाचलो बघ, दुर्गाबाई!" असल्या घरात कुठल्या तोंडानं सांगायचं? त्याची नजर पोरीवर गेली की मालुबाई मनात महिने मोजायची. श्रावण, भाद्रपद, आश्विन. आश्विनाशी आली की तिचं मोजणं थांबायचं. तिथं दुर्गा होती.

चाळीस सालच्या पावसाळ्यानंतर आण्णाप्पाला खोकला लागला. पोटातही गोळा हाताला लागायला लागला. पुन्हा मिरजेला नेलं. ह्या खेपेला पोक्त डॉक्टरांनी त्याला बाहेर बसवलं आणि कल्लाप्पाला बाजूला घेऊन सांगितलं की मूळ उशिरा निघालं, तोवर बी आत पसरलं होतं. घरी न्या, पोरीत रमू द्या. कल्लाप्पानं ते मालुबाईला परतीच्या गाडीत सांगितलं. मालुबाईनं विचारलं, "उशिरा म्हंजी किती? श्रावणात आणलं असतं तर?" कल्लाप्पा म्हणाला, "त्ये कोण सांगणार, वैनी? पर त्या मिठाच्या डाक्टराचं मी तोंड बघणार न्हाय."

आण्णाप्पाची वाकळ मागाच्या खोलीतच टाकली. मागावर अर्धं लुगडं तसंच होतं. दुसऱ्याच्या हातानं पुरं करायला तो देईना, ठोक बदलतो म्हणायचा.

एका दुपारी दाराशी सायकल लागली आणि मारुतीराव आत आले. केस बरेच पिकले होते. दारातच चप्पल काढून ते म्हणाले, "आण्णाप्पा, माझं नाव तुमच्या तोंडी फार असतं म्हणतात लोक. म्हटलं, समोर बसून ऐकावं."

आण्णाप्पा कोपरावर उठला. त्याच्या अंगात एवढा जोर कुठून आला कोण जाणे. "ऐका की! तुमच्यामुळं मराय लागलोय मी! माझी बायकू बापडी तुमच्या दारात आली, तिला तुमी शेकाय सांगितलंसा! न बघता! येक डाव घरला येऊन बघितलं असतं तर हात झडले असते तुमचे?" पुढचं खोकल्यात गेलं. भिंतीपलीकडचा माग थांबला आणि कल्लाप्पा दारात येऊन उभा राहिला.

मारुतीरावांनी मालुबाईकडे बघितलं. ती कोपऱ्यात होती, दुर्गा तिच्या कमरेवर. त्यांना ती आठवली, हे तिला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. पदर दातात धरून उभी राहिलेली, मांडी म्हणालेली. ती मागे वळल्यावर आपण हाक मारून काय सांगितलं, तेही आठवलं. आता हा माणूस बोलणार, असं तिला वाटलं आणि खरं सांगायचं तर तिला सुटल्यासारखं झालं. बोलू दे, एकदाचं त्यांनीच बोलू दे.

मारुतीरावांची नजर पोरीवर गेली, तिथून आण्णाप्पावर आली. त्यांनी हात जोडले. "बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "चुकलं माझं. घरी येऊन बघायला पाहिजे होतं. पोटात घाला."

"आता पोटात घालू व्हय?" आण्णाप्पा म्हणाला. "पोटात जागा न्हाय आता."

डॉक्टर उठले, चप्पल शोधू लागले. ती त्यांच्या पायापाशीच होती, पण त्यांना सापडेना. आणि मग मालुबाई बोलली. आवाज एवढा मोठा निघाला की कमरेवरची पोरगी दचकली.

"डाक्टर, बसा. तुमी न्हाय चुकलासा." ती नवऱ्याकडे वळली. "ह्या डाक्टरांनी सांगितलं होतं. मी मांडी म्हणालो. लाजलो, मांडीला गाठ म्हणालो. तरीबी ह्येनी मला मागं बलवून सांगितलं, आंडात गाठ असली तर शेकू नका, तडक मिरजेला न्या. मी ऐकलं. समदं ऐकलं आन् तुमास्नी सांगितलं न्हाय. कापत्यात म्हणाले म्हणून. कापलं तर पोर हुणार न्हाय म्हणून. दिवाळीपतोर थांबावं म्हटलं." तिनं श्वास घेतला. "शेकू नका म्हणाले आन् मी शेकलं. माझ्या हातानं."

कल्लाप्पा भिंतीकडे बघू लागला. मारुतीरावांनी खाली मान घातली होती. आण्णाप्पा मालुबाईकडे बघत राहिला, जणू ही कोण बाई घरात आली असं.

"डाक्टरास्नी च्या टाक," तो शेवटी म्हणाला.

तिनं चहा केला. मारुतीरावांनी बशीतला चहा संपवला, आण्णाप्पाची नाडी बघितली, खोकल्याचं औषध लिहून दिलं आणि ते गेले. कल्लाप्पाही गेला. पलीकडचा माग मात्र त्या दिवशी पुन्हा वाजला नाही.

"पोरीला हिकडं दे," आण्णाप्पा म्हणाला.

तिनं दुर्गाला त्याच्याजवळ बसवलं. तो पोरीचा करदोडा बोटानं फिरवत राहिला.

"ही कवा ऱ्हायली?"

"आश्विनात."

त्यानं बोटांवर महिने मोजले. जे ती तीन वर्षं मोजत होती तेच त्यानं एकदा मोजलं. "म्हंजी श्रावणात जायाला पायजे होतं मिरजेला," तो म्हणाला.

मालुबाई थांबली. ह्याच्यापुढं तो काहीतरी बोलणार, असं तिला वाटलं. पर मग ही कुठली असती, असं म्हणेल. नाहीतर शिवी देईल, हाकलून देईल, तोंड दाखवू नकोस म्हणेल. पोरगी त्याच्या दंडावर डोकं ठेवून झोपली, तरी तो करदोडा फिरवतच होता.

त्यानंतर अकरा दिवस तो होता. पाणी दे म्हणाला, कूस बदल म्हणाला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मागावर बस." घरची रीत त्यानंच मोडली. ती खड्ड्यात उतरली आणि तो वाकळेवरून शिकवत राहिला. "ठोक हलका पडतोय. आगं, जोर लाव." चुकली की पहिल्यासारखी थट्टाही करायचा. पण त्या एका गोष्टीवर तो पुन्हा बोलला नाही आणि विचारायची तिची छाती झाली नाही. लुगडं पुरं व्हायच्या आदल्या दिवशी तो गेला.

त्या लुगड्यावर पट्टा आहे. अर्ध्यापर्यंत आण्णाप्पाचा ठोक, पुढं हिचा. तिनं ते विकलं नाही, नेसलंही नाही. ट्रंकेत तळाला ठेवलं.

सुतक फिटल्यावर मालुबाई गल्लीच्या पहिल्या घरापासून सुरू झाली. प्रत्येक दारात उभी राहायची आणि सांगायची, "आण्णाप्पा तुमास्नी खोटं सांगत होता, पर त्येला ठावं नव्हतं. मारुतीराव डाक्टरांची चूक न्हाय. आंडात गाठ होती, मी मांडी म्हणालो." नवऱ्याचं नाव, तो शब्द, सगळं ती सासवा-सुनांच्या आणि गडीमाणसांच्या समोर उच्चारायची. काहींनी दार लावून घेतलं. एका म्हातारीनं तिच्या अंगावर पाणी फेकलं. कल्लाप्पानं सगळं ऐकून घेतलं, कानडीत हौदु, म्हणजे होय, एवढंच म्हणाला, आणि त्यानंतर वर्षभर तिच्याशी बोलला नाही. मालुबाईनं एकही घर वगळलं नाही. पुढच्या पावसाळ्यात मारुतीरावांची सायकल पुन्हा गल्लीतून जाऊ लागली.

मालुबाई तेव्हापासून माग चालवते आणि तेव्हापासून तिच्या तोंडाला लगाम नाही. पाच-सहा वर्षांत तिनं किती गड्यांना दवाखान्यात ढकललं ह्याची मोजदाद नाही. तिच्यामुळं वाचलो म्हणणारेही आहेत. तसं कुणी म्हटलं की ती फटकन म्हणते, "माझं नाव घिऊ नगा," आणि उठते.

परवाच अंबुबाईच्या नवऱ्याला ती अशीच मारुतीरावांकडे सोडून आली. दुर्गा आता आठ वर्षांची आहे, रहाटावर कांड्या भरते. तिनं रस्त्यावरचं सगळं भांडण ऐकलं होतं. आई परत येऊन खड्ड्यात उतरली तशी तिनं विचारलं, "आई, आप्पास्नी काय झालतं गं? कशानं गेले?"

मालुबाईच्या हातात धोटा होता. गल्लीत एक घर उरलं नव्हतं जिथं तिनं सांगितलं नव्हतं. तो शब्द तिला आता अडत नव्हता. पण त्या शब्दाच्या मागोमाग श्रावण येत होता, श्रावणामागून भाद्रपद, आणि आश्विनाशी ही पोरगी उभी होती, बापाच्या दशांचा करदोडा घालून.

"मांडीला गाठ आलती, बाळा," मालुबाई म्हणाली आणि तिनं पावडी दाबली.